स्थिरचित्र, जलरंगातील : साध्या भांड्याचे रसग्रहण

निर्जीव वस्तू समोर मांडून त्यांचे आकार, रंग, पोत व छायाप्रकाश यांच्या आधारे केलेल्या स्वतंत्र चित्रास स्थिरचित्र किंवा स्थिरवस्तुचित्र म्हणतात. फळे, फुले, पुस्तके, वाद्ये, वस्त्रे व भांडी हे त्याचे नेहमीचे विषय होत. प्रस्तुत नोंदीत तांब्या, लोटी, घागर, माठ, पातेले यांसारख्या एखाद्या साध्या गृहोपयोगी भांड्याच्या जलरंगातील स्थिरचित्राचा आस्वाद कसा घ्यावा, याचे विवेचन केले आहे. अशा चित्रात कथा नसते, प्रसंग नसतो, ओळखीचा चेहरा किंवा रम्य स्थळही नसते. चित्रात काय आहे, या प्रश्नाचे उत्तर ‘तांब्या’ या एका शब्दात संपते आणि पाहणारा पुढे जातो. वास्तविक रसग्रहणाला सुरुवात तेथूनच होते. कारण विषयाचे आकर्षण दूर झाल्यावर चित्रकाराने प्रकाश कसा पाहिला आणि तो कागदावर कसा राखला, एवढेच पाहावयाचे उरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील भित्तिचित्रांत फळांबरोबर काचेची व धातूची भांडीही रंगविलेली आढळतात. स्वतंत्र चित्रप्रकार म्हणून स्थिरचित्राचा विकास मुख्यत्वे सतराव्या शतकात नेदर्लंड्स व स्पेन या देशांत झाला. तथापि आँद्रे फेलिब्यँ या फ्रेंच लेखकाने १६६७ मध्ये चित्रविषयांची जी श्रेणी मांडली, तीत इतिहासचित्राला सर्वोच्च व स्थिरचित्राला सर्वांत खालचे स्थान दिले. पुढे अठराव्या शतकात झां-बातीस्त-सीमेआँ शार्दँ (१६९९–१७७९) याने तांब्याची पाण्याची टाकी, मातीची सुरई, पेला अशा स्वयंपाकघरातील वस्तू तैलरंगात रंगवून ही श्रेणी व्यवहारात निरर्थक ठरविली. जलरंगात हेच कार्य पॉल सेझान (१८३९–१९०६) याने आपल्या अखेरच्या वर्षांत केले. विसाव्या शतकात इटलीतील बोलोन्या येथील जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) याने बाटल्या, बरण्या व पेले यांच्या त्याच त्या मांडणीवर आयुष्यभर काम केले आणि उत्तरायुष्यात त्याने केलेली जलरंगचित्रे मोजक्या फटकाऱ्यांची व विरळ रंगांची आहेत.

भारतीय कलेत भांड्याची प्रतिमा प्राचीन आहे. पूर्णघट हे मंगलचिन्ह शिल्पांत सर्वत्र आढळते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत व पुढील काळातील लघुचित्रांत सुरया, कलश, थाळ्या दिसतात. मात्र तेथे भांडे हे प्रसंगाचा किंवा अलंकरणाचा घटक असते. भांडे एकटेच समोर ठेवून त्याचे चित्र काढण्याची पद्धती यूरोपीय कलाशिक्षणाबरोबर आली.

महाराष्ट्रातील परंपरा : पुण्यात या शिक्षणाची पहिली चाहूल सवाई माधवराव पेशवे (कार. १७७४–९५) यांच्या काळात लागली. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रेरणेने व जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या साहाय्याने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. त्या परिवारातील गंगाराम तांबट याने वेरूळच्या लेण्यांची व इतर विषयांची चित्रे यूरोपीय धर्तीवर काढली. त्याचे तांबट हे नाव भांडी घडविणाऱ्यांच्या व्यवसायाचे आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा (जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) स्थापन झाली आणि वस्तूंवरून रेखन व रंगकाम हा पद्धतशीर शिक्षणाचा भाग बनला. या शाळेच्या परंपरेत पारदर्शक जलरंगांवर विलक्षण प्रभुत्व मिळविलेल्या चित्रकारांत सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील त्यांचे दीपधारिणी स्त्रीचे जलरंगचित्र सुप्रसिद्ध आहे. ते व्यक्तिचित्र असले, तरी घरातील एका लहानशा दिव्याचा उजेड हाच त्याचा खरा विषय आहे आणि म्हणून भांड्याच्या स्थिरचित्राचा अभ्यास करणाऱ्यालाही ते मार्गदर्शक ठरते.

सर्वसामान्य मराठी वाचकाचा या चित्रप्रकाराशी परिचय बहुधा शाळेतच झालेला असतो. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत अनुक्रमे वस्तुचित्र व स्थिरचित्र हे विषय असतात. या परीक्षांमुळे लाखो विद्यार्थ्यांना निरीक्षणाची सवय लागली. त्याचबरोबर भांड्याचे चित्र म्हणजे सरावाचा कागद, अशी समजूतही रूढ झाली आणि शाळा सुटल्यावर ते गांभीर्याने पाहण्याचे कारण उरले नाही.

चित्रवस्तू म्हणून भांडे : साध्या भांड्याचा आकार हा दीर्घकालीन वापरातून सिद्ध झालेला असतो. तांब्याचे रुंद पोट पाणी साठविते, आखूड गळा बोटांच्या पकडीत बसतो, बाहेर वळलेला काठ पाण्याची धार नीट पाडतो व सपाट किंवा किंचित आत गेलेले बूड त्याला स्थिर ठेवते. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन आकल्पकांनी भारत सरकारसाठी १९५८ मध्ये लिहिलेल्या अहवालात भारतातील सर्व वस्तूंमध्ये लोट्याला अग्रस्थान दिले आणि तो कोणा एकाने आखलेला नसून पिढ्यानपिढ्यांच्या वापरातून घडला आहे, याकडे लक्ष वेधले. या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय आकल्प संस्था स्थापन झाली.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी हातांनी घडविण्याची परंपरा आहे. भांडे घडविल्यावर त्यावर हातोडीचे सारखे ठोके मारतात. या कामास मठारकाम म्हणतात. त्यामुळे पत्रा घट्ट होतो आणि पृष्ठभागावर लहान लहान पैलू पडतात. प्रत्येक पैलू प्रकाश वेगळ्या दिशेने परावर्तित करतो. म्हणून मठारलेल्या भांड्याची झळाळी सलग नसून विखुरलेली दिसते. चित्रकाराला हे शेकडो पैलू एकेक करून रंगविता येत नाहीत; कोणते दाखवावयाचे व कोणते सुचवून सोडावयाचे, हे त्याला ठरवावे लागते.

भांडे ज्या घरात असते, तेथील प्रकाशही चित्राचा घटक बनतो. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील कोळवण हे पौडच्या वायव्येस वाळकी नदीच्या खोऱ्यात वसलेले भातशेतीचे गाव आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पाऊस फार. म्हणून जुनी घरे उतरत्या छपरांची, खोल पडवीची व लहान खिडक्यांची बांधली जात. अशा घरात उजेड प्रामुख्याने दारातून, एकाच बाजूने येतो. दाराजवळ ठेवलेल्या पितळी तांब्याची एक बाजू उजळते व दुसरी अंधारात मिसळते. चित्रशाळेत पडदे लावून जी एकमार्गी प्रकाशयोजना मुद्दाम साधावी लागते, ती येथे घराच्या बांधणीतूनच मिळते. पावसाळ्यातील ढगाळ उजेड मृदू असल्याने छायेच्या कडा विरघळलेल्या दिसतात. उन्हाळ्यात अंगणातील तेच भांडे तीव्र झळाळीचे व धारदार सावलीचे दिसते. एकाच भांड्याची ही दोन चित्रे वेगवेगळ्या भाववृत्तीची होतात. चित्रातील भाव वस्तूपेक्षा प्रकाशावर अधिक अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते.

माध्यमाचे स्वरूप : जलरंग म्हणजे डिंकात खललेली रंगद्रव्ये होत. ती पाण्यात मिसळून कागदावर पातळ थराने पसरतात. पारदर्शक पद्धतीत पांढरा रंग वापरीत नाहीत. कागदाचा पांढरेपणा हाच चित्रातील सर्वांत मोठा उजेड असतो. प्रकाशकिरण रंगाच्या थरातून कागदापर्यंत जातात, तेथून परावर्तित होऊन पुन्हा त्याच थरातून बाहेर येतात. या दुहेरी प्रवासामुळे जलरंगांना आतून उजळल्यासारखी कांती प्राप्त होते. थर जाड किंवा गढूळ झाल्यास ही कांती नष्ट होते.

यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. तैलचित्रात झळाळीचा ठिपका शेवटी वरून ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात मात्र तो पहिल्यापासून कोरा सोडावा लागतो. तांब्याच्या पोटावर जेथे दाराचा उजेड चमकतो, तेथे चित्रकाराने काहीच केलेले नसते. त्याच्याभोवती केलेले असते. म्हणजे चित्रातील सर्वांत तेजस्वी जागा ही चित्रकाराच्या संयमाची खूण असते. पुढे चूक दुरुस्त करण्यास फारसा वाव नसल्याने संपूर्ण चित्राची कल्पना आधी मनाशी निश्चित व्हावी लागते. हवामानाचाही परिणाम होतो. दमट हवेत रंग हळू सुकतात व एक छटा दुसरीत सहज मिसळते. कोरड्या उन्हाळ्यात थर लगेच वाळून त्याची कड उमटते.

रसग्रहणाच्या दिशा : (१) आकार व यथादर्शन : प्रथम चित्र काही अंतरावरून पाहावे आणि भांडे पृष्ठभागावर ठाम बसले आहे काय, हे तपासावे. डोळ्याच्या पातळीखाली ठेवलेल्या भांड्याचा वर्तुळाकार काठ लंबवर्तुळ दिसतो. काठापेक्षा बूड दृष्टिपातळीपासून अधिक खाली असल्याने बुडाची वक्रता काठाच्या वक्रतेपेक्षा अधिक गोलसर असते. नवशिक्या हाताने बूड सरळ रेषेत काढलेले असते आणि त्यामुळे भांडे चिकटविल्यासारखे वाटते. मात्र आकाराची बिनचूकता हा आस्वादाचा आरंभ होय. दोन्ही बाजू यंत्रासारख्या तंतोतंत जुळणे हा गुण नव्हे. हातांनी घडविलेल्या व रोज वापरलेल्या भांड्याला एखादा पोचा असतो. तो चित्रात असेल, तर भांड्याचे आयुष्यही चित्रात येते.

(२) छायाप्रकाश : गोलाकार वस्तूवर उजळ भाग, मध्यम छटा, गडद छाया आणि छायेच्या बाजूस जमिनीवरून परतलेला मंद प्रकाश असा क्रम असतो. हा शेवटचा परावर्तित प्रकाश भांड्याच्या गोलाईस पूर्णत्व देतो. तो नसेल, तर छायेची बाजू कापल्यासारखी दिसते आणि तो प्रमाणाबाहेर उजळला, तर छाया पोकळ वाटते. घासून लखलखीत केलेल्या धातूत हा क्रम मोडतो. कारण असे भांडे आरशाप्रमाणे सभोवतालचे प्रतिबिंब दाखविते. त्याच्या पोटावर दार, खिडकी, जमीन वाकड्या आकारांत उमटतात व अत्यंत गडद पट्ट्याशेजारी अत्यंत उजळ पट्टा येतो. याउलट मातीच्या माठावर छटा सावकाश बदलतात. चित्र पाहताच भांडे धातूचे की मातीचे हे ओळखू येते, ते रंगामुळे कमी व छटांच्या या चढउतारामुळे अधिक.

(३) रंग : पितळ म्हणजे पिवळा रंग, असे समीकरण चांगल्या चित्रात आढळत नाही. पितळेच्या उजळ भागात फिकट पिवळा, मध्यम भागात गेरूकडे झुकणारा आणि छायेत हिरवट किंवा तपकिरी रंग असतो. शेजारचे वस्त्र निळे असेल, तर त्या निळ्याची झाकही त्यात येते. तांबे व पितळ यांच्या झळाळीला धातूचा स्वतःचा रंग असतो, तर चिनी मातीच्या किंवा काचेच्या भांड्यावरील झळाळी प्रकाशाच्या मूळ रंगाची असते. हा भेद भौतिकीच्या नियमांतून येतो. जाणत्या चित्रकाराने तो निरीक्षणाने टिपलेला असतो. कल्हई केलेल्या पातेल्याच्या आतील थंड करडा व बाहेरील उबदार तांबूस रंग यांचा मेळ हा रसिकाने मुद्दाम पाहण्याचा भाग होय.

(४) कडा : भांड्याची बाह्यरेषा सर्वत्र सारखीच स्पष्ट असेल, तर ते कागदातून कापून काढल्यासारखे दिसते. छायेची बाजू पार्श्वभूमीत हरवावी व प्रकाशाची बाजू तिच्यातून उठून यावी, यासाठी चित्रकार काही कडा ओल्या थरात विरघळू देतो व काही कोरड्या कागदावर धारदार ठेवतो. हरवलेली कड पाहणाऱ्याचा डोळा आपोआप पूर्ण करतो. रसिकाचा हा सहभाग आस्वादाचा महत्त्वाचा अंश होय.

(५) पडछाया व अवकाश : भांड्याची पडछाया बुडाशी गडद व दूर जाताना फिकट होते. ती काळी नसते. तीत पृष्ठभागाचा रंग व भांड्याकडून आलेला उजेड मिसळलेला असतो. भांड्याभोवतालची मोकळी जागाही रचनेचा घटक आहे. ती फार असेल, तर भांडे एकाकी भासते व फार थोडी असेल, तर कोंडल्यासारखे वाटते. काठाच्या आतील अंधारही तितकाच महत्त्वाचा. कारण भांड्याचा उपयोग त्याच्या पोकळीत असतो. घटातील आकाश ही वेदान्तातील परिचित कल्पना आहे. काठाआड जाणारी एक गडद छटा नेमकी उतरली, तर ती पोकळी सपाट कागदावरही प्रतीत होते.

एक उदाहरण : अमेरिकेतील लॉस अँजेल्स येथील गेटी संग्रहालयात असलेले सेझानचे निळ्या भांड्याचे स्थिरचित्र (सु. १९००–०६) या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यात मुलामा दिलेले एक निळे भांडे, पांढरा चंबू, सफरचंदे व वस्त्रे एवढाच संभार आहे. पेन्सिलीच्या रेषा झाकलेल्या नाहीत. एकाच कडेसाठी अनेक रेषा शोधत गेल्यासारख्या दिसतात आणि त्यांवर पारदर्शक रंगांचे लहान लहान पट्टे एकमेकांवर चढविले आहेत. पांढरा चंबू व पांढरे वस्त्र यांत पुष्कळसा कागद कोराच राहिला आहे. तरीही पाहणाऱ्याला वस्तूंचे वजन जाणवते. वस्तू हुबेहूब उतरविण्यापेक्षा ती पाहण्याची क्रियाच येथे चित्रित झाली आहे.

मूल्यमापन : प्राचीन भारतीय चित्रशास्त्रात सांगितलेल्या षडंगांपैकी प्रमाण, सादृश्य, लावण्ययोजन व वर्णिकाभंग ही अंगे भांड्याच्या चित्रालाही लागू करता येतात. त्यांतील सादृश्यावरच थांबण्याची आपल्याकडील सामान्य प्रेक्षकाची प्रवृत्ती दिसते. ‘अगदी खरे वाटते’ हा त्याचा सर्वोच्च अभिप्राय असतो. हुबेहूबपणा ही कष्टसाध्य गोष्ट आहे यात शंका नाही. परंतु छायाचित्रही तो देऊ शकते. चित्रकाराने काय वगळले, कशावर भर दिला आणि उरलेल्या छटांत परस्परसंवाद कसा निर्माण केला, यात लावण्ययोजन असते. झळाळीचे ठिपके सर्वत्र विखुरणारे चित्र प्रथमदर्शनी दिपवून टाकते, पण डोळा त्यात कोठेही विसावत नाही. एका मोठ्या शांत छायेत एकच झळाळी राखणारे चित्र अधिक काळ पाहवते.

अशा चित्रांना सांस्कृतिक नोंदीचेही मूल्य आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील व प्लॅस्टिक यांनी तांब्या-पितळेच्या भांड्यांची जागा घेतली. हंडे, घागरी माळ्यावर गेल्या व पुष्कळशा मोडीत निघाल्या. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी अशा नित्योपयोगी वस्तू जिद्दीने जमवून पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे केले व १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्त केले. संग्रहालयात वस्तू जतन होते, चित्रात तिचे विशिष्ट उजेडातील दर्शन जतन होते. कोळवणसारख्या गावातील घराच्या दारात पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी तांब्या कसा दिसे, हे संग्रहालयातील काचेच्या कपाटावरून कळणार नाही.

जतन : जलरंगचित्रे नाजूक असतात. प्रकाशाने जलरंगांवर होणाऱ्या परिणामांविषयीचा रसेल व ॲबनी यांचा अहवाल इंग्लंडमध्ये १८८८ साली प्रसिद्ध झाला आणि अनेक रंगद्रव्ये उजेडात विटतात, हे प्रयोगांनी दाखविले गेले. किरमिजी रंगांपैकी काही लवकर फिकट होतात, तर गेरू व पिवडीसारखे मातीचे रंग टिकतात. त्यामुळे जुन्या चित्रातील छाया आज करड्या व थंड दिसत असतील, तर तो चित्रकाराचा दोष असेलच असे नाही. संग्रहालयांत जलरंगचित्रे साधारणपणे ५० लक्सच्या मर्यादेतील मंद प्रकाशात व ठरावीक काळच मांडतात. दमट हवेत कागदावर तपकिरी डाग पडतात व बुरशी धरते. म्हणून कोकण व सह्याद्रीच्या पट्ट्यात चित्र ओलसर भिंतीवर लावू नये, आम्लरहित पुठ्ठ्यावर बसवावे आणि काच व कागद यांमध्ये थोडे अंतर ठेवावे. थेट ऊन पडेल अशा जागीही ते टांगू नये. चित्रातील उजेड कोऱ्या कागदाचा असल्याने कागद पिवळा पडला, की भांड्यावरची झळाळीही मावळते.